चिंधीला बांधलेल्या चाव्या

आईच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एकतीस खिळे होते. त्यांतल्या एकोणतीस खिळ्यांवर चाव्या होत्या आणि दोन रिकामे. आमच्या इमारतीला तळमजला धरून चार मजले, मजल्यावर आठ घरं, म्हणजे एकूण बत्तीस. त्यातलं एक आमचं. उरलेल्या एकतीस घरांपैकी एकोणतीस घरांची जादा चावी आईकडे असायची. ज्या दोन घरांनी दिली नव्हती त्यांच्याविषयी तिचं मत वाईट नव्हतं. ते लोक अजून विचार करताहेत, असं ती म्हणे. त्यातलं एक कुटुंब एकोणीस वर्षं विचार करत होतं.

इमारत पत्त्यात भांडुप पूर्वेला आहे आणि रिक्षावाल्याला सांगताना नाहूरला. घरांना लॅचची दारं आहेत. कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला एक पाऊल टाकलं आणि गॅलरीकडून वारा आला की दार मागे बंद होतं. माणूस गाऊनवर किंवा बनियनवर जिन्यात उभा राहतो. आमच्याकडे हे महिन्यातून दोन-तीनदा घडायचं, खाडीच्या बाजूच्या घरांत जास्त. असा माणूस मग तळमजल्यावर आमच्याकडे येई. आमचं दार दिवसभर उघडं असे आणि दाराच्या आतच, खिडकीपाशी, आई शिलाई मशीनवर बसलेली असे.

चाव्यांवर नावं नव्हती, नंबर नव्हते. चोर आला तर त्याला आपण पत्ता लिहून द्यायचा का, असा तिचा सवाल होता. खिळेही नेमून दिलेले नव्हते. परत आलेली चावी रिकाम्या दिसेल त्या खिळ्यावर जाई. ओळख होती ती चावीला बांधलेल्या चिंधीची. इमारतीतल्या बहुतेक बायकांची ब्लाउजं आईनेच शिवलेली होती. ज्या घराची चावी, त्या घरातल्या बाईच्या ब्लाउजपीसमधून उरलेली बोटभर चिंधी तिला बांधलेली. कुलकर्णीबाईंची जांभळी इरकल, दळवीबाईंचं पांढऱ्यावर काळे ठिपके. पहिल्या मजल्यावर एक निवृत्त हवालदार एकटे राहत; त्यांच्या चावीला खाकी तुकडा होता. तिसऱ्या मजल्यावर आयटीतलं जोडपं आलं तेव्हा जरा अडचण झाली, कारण ती मुलगी ब्लाउजं घालत नव्हती. आईने तिच्या नवऱ्याची जीन्स आखूड करून दिली आणि कापलेला तुकडा चावीला लावला. त्याने जीन्स आखूड करायला दिली नव्हती. तो फक्त चावी द्यायला आला होता.

दारात कोणी आलं की आई काही विचारत नसे. मशीनवरून उठायची, चार पावलं आत जायची आणि समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत चावी त्याच्या हातात असायची. कुलकर्णीबाई म्हणत की काकींना दार लागायच्या आधी कळतं. याला पुरावा नाही.

तिचे काही नियम होते. लोक गावी गेले की ती वर जाऊन घराकडे बघून यायची. रिकाम्या घराचीही आधी बेल वाजवायची, थोडा वेळ थांबायची, चपला बाहेर काढायची आणि लॅच उघडून मोठ्याने सांगायची, "येतंय हां." घरात कोणी नसताना हे कोणाला सांगतेस, असं माझ्या मुलीने तिला एकदा विचारलं होतं. घर रिकामं असलं तरी ते लोकांचं आहे, असं उत्तर मिळालं. दुसऱ्याचं कपाट उघडायचं नाही हा नियम तर तिने कधीच मोडला नाही. मात्र फ्रिज हे तिच्या मते कपाट नव्हतं. कपाटात माणसाचं गुपित असतं, फ्रिजमध्ये कोथिंबीर असते, एवढा फरक ती करत असे. त्यामुळे इमारतीतल्या एकोणतीस फ्रिजांची तिला पूर्ण माहिती होती. तिला न पटलेल्या वस्तू ती काढून टाकायची आणि मालक परत आल्यावर त्याला तसं कळवायची.

ही कळवण्याची पद्धतही ठरलेली. गावाहून आलेलं कुटुंब बॅगा घेऊन जिना चढायला लागलं की ती दारात उभी राहून सांगे. दोन कुरिअर आले, एक परत गेलं. गॅसवाला येऊन गेला. बाथरूमचा नळ गळतो. तुळस जिवंत आहे, मनीप्लांट नाही. पनीर टाकून दिलं. एवढंच. आपलं मत ती त्यात घालत नसे. मत हवं असेल तर चहाला यावं लागे.

परक्यांशी ती शाळेच्या पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायची आणि घरात मालवणी. मालवणी सुरू झालं की आता ती खरं बोलते आहे असं आम्ही समजत असू.

लालबागच्या चाळीत आमच्या खोलीचं दार दिवसा बंद झालेलं मला आठवत नाही. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी मुलुंडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपरची नोकरी धरली आणि आम्ही इकडे आलो. नव्या घरात आईला सगळं आवडलं, एक लॅच सोडून. दार आपल्याआपण बंद होतं ही गोष्ट तिला उद्धट वाटली. चाळीत दिवसा दार लावणारी बाई एकतर रुसलेली असे किंवा भांडलेली. पहिल्याच आठवड्यात शेजारची बाई नाशिकला जाताना कुंडीला पाणी घालायला चावी देऊन गेली. आईने ती चावी दारामागे टांगली आणि शेजारी दुसरा खिळा ठोकून ठेवला. वडिलांनी तो कशासाठी विचारलं. येतील, ती म्हणाली.

आमच्या स्वतःच्या घराची जादा चावी मात्र इमारतीत कोणाकडेच नव्हती. या लोकांना चाव्या सांभाळता येत नाहीत, म्हणून तर त्या माझ्याकडे आहेत, असं तिचं म्हणणं. एका रविवारी आम्ही सगळे बाहेर असताना कोळीण चौथ्या घरापाशी पोहोचली म्हणून आई तिच्यामागे धावली आणि वाऱ्याने आमचं दार लागलं. आत एकोणतीस चाव्या. हवालदारांनी सुतार आणून दार उघडलं तोवर तिला शेजाऱ्यांकडे खुर्चीत बसून राहावं लागलं, आणि तेवढ्या वेळात आणखी दोन जण चावी मागायला आले. त्यांनाही खुर्च्या दिल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी तिने आमची जादा चावी कोळणीला देऊन टाकली. कोळीण माहुलची. आठवड्यातून तीन दिवस टोपली घेऊन येई आणि आमची चावी कमरेच्या पिशवीत घालून संध्याकाळी माहुलला परत जाई. म्हणजे मंगळवारी दार लागलं तर बुधवारपर्यंत थांबणं भाग होतं. माझ्या बायकोने ही अडचण दाखवली तेव्हा आई म्हणाली की इमारतीतली माणसं एका लग्नाला सगळी एकदम जातात. कोळीण जात नाही.

ती गेली तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. चार दिवस ताप आला, पाचव्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर गेली. नंतरचे दहा दिवस भेटायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने आपल्या फ्रिजविषयी काहीतरी सांगितलं.

पण हे लिहायचं ते तिच्या शेवटाविषयी नाही. त्याच्या चार वर्षं आधी एका सकाळी तिच्या हातून जी चूक झाली आणि त्यानंतरच्या जवळजवळ वर्षभरात जे घडलं, त्याविषयी आहे. इमारतीने तिच्याकडे चाव्या ठेवाव्यात की नाही, एवढाच प्रश्न होता. तिच्या लेखी दुसरा कुठला प्रश्न उरला नव्हता.

त्या आधीचं वर्षभर ब्लाउजांत एक फरक पडला होता. हिरव्या ब्लाउजला किरमिजी दोरा, पिवळ्याला निळा. सुरुवातीला एका-दोघींनी पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. माझ्या मुलीच्या पोपटी कुर्त्याची बाही आईने लाल दोऱ्याने आवळून दिली. मुलगी तेव्हा कॉलेजात होती. तो कुर्ता घालून ती गेली आणि संध्याकाळी येऊन म्हणाली, झकास आजी, सगळ्या विचारतात कॉन्ट्रास्ट कोणाकडून करून घेतलंस. ही गोष्ट जिन्यातून वरपर्यंत गेली. दिवाळीपर्यंत सहा-सात बायकांनी मुद्दाम तसलीच शिलाई मागून घेतली. आई हो म्हणायची आणि पुढचं माप घ्यायची.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या देसाईबाईंनी दूध गॅसवर ठेवलं आणि कचरा द्यायला दाराबाहेर आल्या. दार लागलं. त्या धावत खाली आल्या. आई उठली, आत गेली, चावी आणून दिली, नेहमीइतक्याच वेळात. देसाईबाई दोन जिने चढून वर गेल्या. चावी आत गेली, फिरेना. त्यांनी जोर लावला. चावी लॅचमध्ये मोडली.

आता बरोबर चावी असती तरी उपयोग नव्हता. दूध उतू गेलं, मग आटलं, मग जळलं. ओट्यावरच्या फडक्याने पेट घेतला आणि खिडकीचा पडदा गेला. अग्निशमन दलाची गाडी आली, गॅलरीला शिडी लागली. घरात कोणी नव्हतं, कोणाला काही झालं नाही. पण स्वयंपाकघराच्या दोन भिंती काळ्या झाल्या, पातेलं ओट्याला चिकटलं आणि जळक्या दुधाचा वास जिन्यात तीन दिवस होता.

मोडलेली चावी तिसऱ्या मजल्यावरच्या शहाबेनची निघाली. त्या सुरतला गेल्या होत्या.

सोसायटीचे सेक्रेटरी दळवी निवृत्त बँकवाले. त्यांनी त्या आठवड्यात पार्किंगमध्ये सभा बोलावली. विषय लिहिला होता, जादा चाव्यांची सुरक्षित व्यवस्था. आईचं नाव कोणीही घेतलं नाही. वयाचा उल्लेख सर्वसाधारण झाला. वॉचमनच्या केबिनमध्ये एक कुलपाची पेटी लावावी, प्रत्येक चावीला घराचा नंबर असावा आणि पेटीची चावी वॉचमनकडे राहावी, असं ठरलं. आई सभेला गेली होती. मागच्या खुर्चीवर बसून तिने ठरावाच्या बाजूने हात वर केला. घरी आल्यावर बायकोने विचारलं, तुम्ही कशाला हात वर केलात. सगळ्यांनी केला, आई म्हणाली.

मग लोक चाव्या न्यायला यायला लागले. पुढचे आठ दिवस हे चाललं आणि मी इतकी चांगली वागणारी माणसं एका वेळी कधी पाहिली नाहीत. कुलकर्णीबाईंची मुलगी बाळंतपणाला यायची होती, तिच्यासाठी एक चावी हवी होती. आयटीतलं जोडपं अंगठ्याने उघडणारं कुलूप बसवणार होतं, जे त्यांनी पुढे बसवलं नाही. हवालदार आले, चहा प्यायले, काही न मागता गेले. दुसऱ्या दिवशी परत आले आणि दळवींनी सांगितलं म्हणून आलो, असं स्पष्ट सांगून चावी घेऊन गेले. आई प्रत्येकाला त्याची चावी देई आणि वर जाऊन लावून बघा, मग मला येऊन सांगा, असं सांगे. त्यामुळे प्रत्येकाला दोनदा यावं लागलं. शेवटी-शेवटी चुकीची चावी जाणं शक्यच नव्हतं, कारण चाव्याच थोड्या उरल्या होत्या.

देसाईबाई सगळ्यांत शेवटी आल्या. त्यांच्याकडे न्यायला काही नव्हतं. जुनं लॅच काढून टाकलेलं होतं. इमारतीत आल्यापासून त्या रोज दुपारी आईकडे येऊन बसायच्या, त्या दिवशी दारातच उभ्या राहिल्या.

"काकी, नवीन लॅच बसवलंय. चावी नाही देत आता. मला भीती वाटते."

"बरं," आई म्हणाली.

दारामागे दोन चाव्या राहिल्या. एक देसाईबाईंची जुनी, जी आता कुठलंच दार उघडत नव्हती. दुसरी दुबईला राहणाऱ्या एका कुटुंबाची. त्यांना यायला जमलं नव्हतं. त्या हिवाळ्यात आई दुबईवाल्यांच्या घरी दिवसाआड जाऊन झाडून-पुसून येई. त्यांचं घर इतकं स्वच्छ आधी कधी नव्हतं आणि नंतरही नाही.

आम्हाला वाटलं, विसरायला लागली आहे. घरात वय झालेलं माणूस चुकलं की सगळ्यांना पहिल्यांदा हेच वाटतं. मी तिला मुलुंडच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. तरुण डॉक्टर होते. त्यांनी आज वार कोणता विचारलं. बुधवार, आई म्हणाली, आणि तुमच्या पाटीवर बुधवारी सकाळी बंद लिहिलंय असं माझा मुलगा वाचत होता, मग तुम्ही उघडं कसं ठेवलंत. डॉक्टरांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, आंबा, खुर्ची, घड्याळ, आणि पाच मिनिटांनी विचारले. तिने ते सांगितले. वर हेही सांगितलं की बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीचा एक पाय हलतो आणि घड्याळाचा आवाज थांबून थांबून येतो, सेल गेला असेल. शंभरातून सात वजा करत खाली या म्हटल्यावर तिने कारण विचारलं. कारण पटल्यावर ती दोनपर्यंत खाली आली आणि पुढे जायचं का म्हणाली. सगळा वेळ तिचा हात टेबलावरच्या कापडावर फिरत होता. निघताना ती डॉक्टरांना म्हणाली की कापड चांगलं आहे, हातमागाचं आहे, पण शिवण उसवली आहे.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की आईंची स्मरणशक्ती उत्तम आहे. मग तुम्हीही तपासून घेता का, असं त्यांनी मला विचारलं. कारण मी त्यांना आईचं वय दोन वेळा वेगवेगळं सांगितलं होतं.

उलगडा मुलीने केला. तो हात कापडावर फिरत होता हे मी घरी जेवताना गंमत म्हणून सांगितलं. मुलीने जेवण अर्धं टाकून आपला पोपटी कुर्ता आणला आणि आजीच्या पुढे धरला. बाहीचा दोरा कुठल्या रंगाचा आहे ते सांग, म्हणाली. आईने कुर्ता हातात घेतला, बाही चाचपली आणि शिलाई चांगली आहे असं सांगितलं.

"आजी, रंग विचारतेय मी."

आईने कुर्ता घडी करून मांडीवर ठेवला.

"यार आजी. कधीपासून?"

दोन वर्षं झाली होती. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकला होता. माणसं आवाजाने आणि चालण्यावरून कळत, सुई हाताच्या सवयीने ओवली जाई. रंग मात्र सगळे एकाच मळकट पिवळ्यात गेले होते. दारामागच्या एकोणतीस चाव्या दोन वर्षं ती चिंधी बोटांत धरून ओळखत होती. इरकलीची वीण वेगळी, खाकीची वेगळी, जीन्स तर कोणालाही कळेल. दोन वर्षांत एक चूक.

ती चूक का झाली तेही आम्ही विचारलं. मुलुंडच्या एका हॉलमध्ये साड्यांचा सेल लागला होता. देसाईबाई आणि शहाबेन तिथे वेगवेगळ्या दिवशी गेल्या आणि एकाच ठाणातली साडी घेऊन आल्या, एक हिरवी, एक निळी. आपली नक्कल केली असं दोघींनाही वाटलं आणि महिनाभर त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. दोघींची ब्लाउजं आईने एकाच आठवड्यात शिवली. दोन्ही चिंध्या हाताला एकसारख्या.

"मग तू आधी कशी ओळखायचीस?" मी विचारलं.

देसाईबाईंच्या चिंधीला तिने एक गाठ जास्त मारली होती.

इथे माझी बायको ताटावरून उठली. दिवाळीच्या साफसफाईत, आई दुपारची झोपलेली असताना, तिनेच एकोणतीस चिंध्या सोडून साबणाच्या पाण्यात धुतल्या होत्या. वाळवून, इस्त्री करून, ज्या चावीची तिलाच परत बांधल्या होत्या. चाव्या ओळीने मांडून प्रत्येकीच्या चिंधीचा रंग तिने कागदावर लिहून ठेवला होता, म्हणून एकही चुकली नाही. फक्त ती जादा गाठ तिला चुकून पडलेली वाटली आणि तिने ती सोडवून चिंधी इस्त्रीने सपाट करून टाकली. इतकं नीट काम आपण वर्षभरात दुसरं केलं नाही, असं तिने तेव्हा मला सांगितलंही होतं.

आईला ती गाठ गेल्याचं त्याच संध्याकाळी कळलं होतं. पण गाठ कुठे गेली असं विचारलं असतं, तर गाठ कशाला हवी, असं कोणीतरी विचारलं असतं. म्हणून तिने विचारलं नाही. सोमवारी देसाईबाई आल्या तेव्हा दोन सारख्या चाव्या होत्या आणि तिने त्यातली एक उचलली. आणि नंतर, सभेच्या दिवशी किंवा त्या आठ दिवसांत, सुनेने चिंध्या धुतल्या हे ती कोणालाही सांगू शकली असती. तिने ते घरातही सांगितलं नव्हतं.

बायको रडायला लागली. आई तिच्यावर खेकसली.

"तू कशाक रडतंस? दोघींनी एकाच सेलात घेतल्यानी, त्याका तू काय करतलंस?"

डोळ्यांचं आधी का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं.

"सांगितलंय असतंय तर तुम्ही मशीन काढून घेतलात असतास. चावी पण. मग मी हंय बसान काय करू?"

मशीन आम्ही खरंच काढून घेतलं असतं.

ऑपरेशनला तिने एकच अट घातली. इमारतीत सांगायचं नाही. चुकीची चावी दिली हे लोक विसरतील, आंधळ्या बाईकडे दोन वर्षं आपल्या चाव्या होत्या हे विसरणार नाहीत, असं तिचं म्हणणं होतं आणि त्यात तथ्य होतं. आम्ही ती गावी गेल्याचं सांगितलं. दोन डोळ्यांसाठी ती दोनदा गावी गेली. दोन्ही वेळा काळा चष्मा लावून परत आली, आणि दोन्ही वेळा सगळ्यांनी गावाला ऊन फार आहे का, असं विचारलं.

पट्टी निघाल्यावर घरात आल्या आल्या तिने भिंतीला हा निळा रंग कधी दिला असं विचारलं. दीड वर्षापूर्वी दिला होता. मग माझ्याकडे बघून, "अरे, तू तर म्हातारो झालंस," म्हणाली. मुलीचा पोपटी कुर्ता तिने मागून घेतला, लाल शिलाई खिडकीत नेऊन पाहिली आणि हे घालून तू बाहेर गेलीस का, असं विचारलं. तो मला उसवू दे, असं ती पुढे महिनाभर म्हणत होती. मुलीने दिला नाही.

वॉचमनच्या केबिनमधल्या पेटीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ती पहिल्यांदा लागली ती खुद्द दळवींनाच. रविवारी सकाळी ते टॉवेल आणि बनियनवर पेपर उचलायला बाहेर आले आणि दार लागलं. त्यांच्या पत्नी माहेरी होत्या. नेहमीच्या वॉचमनची सुट्टी होती. बदली वॉचमन पेटीची चावी खिशात घेऊन बसला होता, पण टॉवेलवरच्या अनोळखी माणसाला पेटी उघडून द्यायला तो तयार होईना. नियम विचारल्यावर त्याने भिंतीवरची सूचना दाखवली. सेक्रेटरींच्या लेखी परवानगीशिवाय पेटी उघडू नये, असं तिथे होतं; खाली दळवींची सही होती. मीच सेक्रेटरी आहे, असं दळवींनी त्याला सांगितलं. तसं पत्र आणा, तो म्हणाला.

दळवी दीड तास आमच्या घरी बसले. आईने त्यांना चहा दिला, पोहे दिले, वडिलांचा एक जुना सदरा दिला. भांडुपचं पाणी, पुतण्याचं लग्न, गुडघे, सगळ्यावर बोलली. चाव्यांचा विषय तिने काढला नाही. दळवींनी तो दोनदा काढला, दोन्ही वेळा तिने त्यांना पोहे वाढले.

दुसऱ्या दिवशी दळवीबाई चावी घेऊन आल्या. वॉचमनला लांब पडतं, म्हणाल्या. मग हवालदार आले. त्यांनी काही कारण दिलं नाही. कुलकर्णीबाईंच्या मुलीचं बाळंतपण आटोपलं होतं. शहाबेन नवीन चावी आणि सुरतेची घारी, तिथली तुपातली मिठाई, घेऊन आल्या. लोकांनी चाव्या नेताना जितकी चांगली कारणं सांगितली होती तितकीच आणताना सांगितली. आईने ती सगळी ऐकून घेतली. पावसाळा संपेपर्यंत, दुबईवाल्यांची धरून आणि देसाईबाईंची जुनी सोडून, खिळ्यांवर अठ्ठावीस चाव्या झाल्या. वॉचमनने पेटीत आपला डबा ठेवायला सुरुवात केली.

एकोणतिसावी आली नाही. देसाईबाई जिन्यात दिसल्या की हसायच्या, वाकून तब्येत विचारायच्या, आणि पुढे जायच्या. दुपारी बसायला येणं बंद झालं ते बंदच. आई त्यांच्याविषयी कधी बोलली नाही. दुपारी तीनच्या सुमाराला मात्र ती मशीन थांबवायची आणि बाहेर पायांचा आवाज येईल का ते ऐकायची. बाकीच्या चाव्या परत आल्या याचा तिला आनंद झाला होता का, हे मी सांगू शकत नाही. तिने त्या मोजल्या की दर वेळी अठ्ठावीसच भरत, आणि ती त्या पुन्हा मोजायची.

नवरात्रात, एका गुरुवारी दुपारी, देसाईबाई आल्या. हातात पिशवी होती. त्या आत येऊन नेहमीच्या स्टुलावर बसल्या आणि पिशवीतून खणाचा तुकडा काढून मशीनवर ठेवला. रुंद काठाचा, शेंदरी रंगाचा. मुलुंडच्या दुकानदाराला त्यांनी तीनदा विचारलं होतं की या ठाणातलं आमच्या इमारतीत दुसरं कोणी नेलंय का. कोणी नेलं नव्हतं. आईने तुकडा आधी बोटांत धरून चोळला, मग उजेडात धरून पाहिला.

देसाईबाईंनी मूठ उघडून चावी पुढे केली.

"राहू दे तुझ्याकडे," आई म्हणाली. "आधी ब्लाउज होऊ दे. चिंधी नाही तर टांगू कशाने?"

माप घ्यायची गरज नव्हती, ते तिच्याकडे होतं. तरी तिने टेप काढला आणि सगळं माप नव्याने घेतलं. त्याला बराच वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात शेजारच्या चार घरांची माहिती इकडून तिकडे गेली.

ब्लाउज एका दिवसाचं काम होतं. आईने सोळा दिवस लावले. त्या सोळा दिवसांत देसाईबाई कचरा द्यायला बाहेर आल्या की एक पाय उंबऱ्याच्या आत ठेवून, हात लांब करून बादली पुढे करत, असं त्यांच्या समोरच्या घरातल्यांनी पाहिलं आहे. ही बातमी आईपर्यंत रोज सकाळी पोहोचत होती. सतराव्या दिवशी तिने ब्लाउजला शेवटचं हूक लावलं आणि उरलेल्या खणातून बोटभर शेंदरी चिंधी कापली.